औषध न देता सीएमव्ही व्हायरस खाली आला, म्हणजे पोरीचे टी सेल (व्हायरसशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) आले असं धरायचं का? (हाप्लो बीएमटी, थॅलेसेमिया)

सोलापूरचा_बाबा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय. मुलगी आठ वर्षांची, थॅलेसेमिया मेजर, धाकट्या भावाशी मॅच नाही, रजिस्ट्रीत पण कोणी मिळालं नाही म्हणून शेवटी हाप्लो, म्हणजे अर्ध्या मॅचवरचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट (बीएमटी) केलं, डोनर मीच. ट्रान्सप्लांटला तीन महिने होत आले. मुंबईतच हॉस्पिटलजवळ खोली घेऊन राहतोय. टॅक्रो (प्रतिकारशक्ती दाबून ठेवायचं औषध) चालू आहे, स्टेरॉइड नाही, जीव्हीएचडी (डोनरच्या पेशींनी पेशंटच्या शरीरावर केलेला हल्ला) म्हणाल तर सुरुवातीला हातावर थोडी पुरळ आली होती ती मलमानेच गेली. काइमेरिझम पूर्ण डोनरचं आहे, म्हणजे रक्ताच्या पेशी सगळ्या माझ्याच.

आता मूळ मुद्दा. एंग्राफ्टमेंट झालं, म्हणजे माझ्या पेशी रुजल्या, आणि लगेच सीएमव्ही उठला, रक्तातला आकडा ४२०० पर्यंत गेला. गॅनसायक्लोव्हिर लावलं, त्याने सीएमव्ही गेला पण पांढऱ्या पेशी पण घेऊन गेला, मग त्या वाढवायची इंजेक्शनं, मग व्हॅलगॅन (त्याच जातीच्या गोळ्या), मग ते पण बंद. बंद केल्यावर दोन-तीन आठवड्यांनी परत १८०, पुढच्या वेळी ४१०. मी म्हटलं झालं, परत ॲडमिट, परत सलाइन. पण डॉक्टर म्हणाले आत्ता काही देणार नाही, पुढच्या आठवड्याचा रिपोर्ट बघू. बायको तर माझ्यावरच चिडली की तुम्ही भांडला का नाही. पुढच्या आठवड्यात २६० आला आणि परवाच्या रिपोर्टवर "डिटेक्टेड, मोजण्याच्या मर्यादेखाली" असं लिहिलंय. एक गोळी न देता! डॉक्टर खूश, म्हणाले तिचे टी सेल कामाला लागले हेच दिसतंय. पण त्याच दिवशीचा सीडी४ (टी सेलचाच एक प्रकार) फक्त ११२ आहे हो, आणि रिपोर्टवर शेजारी नॉर्मल म्हणून जे छापलंय ते कितीतरी जास्त आहे, म्हणून मला काही ते खूश होणं कळलं नाही. ओपीडीत मागे एवढी रांग असते की विचारायला जीव होत नाही.

दुसरं म्हणजे मेव्हण्याने नेटवरून टीटीव्ही नावाच्या व्हायरसबद्दल काहीतरी पाठवलंय, त्याची टेस्ट केली की प्रतिकारशक्ती किती परत आली ते थेट कळतं म्हणे. ती आमच्याकडे का करत नाहीत? बाहेरून करून घेऊ का? आणि सोलापूरच्या लॅबमधून सीएमव्हीची साधी अँटीबॉडी टेस्ट दर महिन्याला केली तर चालेल का, कारण आता गावी जायचे वेध लागलेत सगळ्यांना, गणपती पण जवळ आलेत.

आर्याची_आई

दादा आधी श्वास घ्या. तीन महिन्यांत जीव्हीएचडी नाही, स्टेरॉइड नाही, काइमेरिझम पूर्ण, हे वाचूनच मला बरं वाटलं. आम्ही रत्नागिरीचे, लेकाचं ट्रान्सप्लांट होऊन दोन वर्षं उलटून गेली.

आमचा व्हायरस वेगळा होता, अडिनो. मोठ्यांपेक्षा लहान मुलांना हा जास्त छळतो असं तेव्हा कळलं. आधी संडासच्या तपासणीत सापडला, रक्तात नव्हता, मग काही दिवसांनी रक्तात पण आला आणि दर आठवड्याला वाढतच गेला. सिडोफोव्हिर दिलं, त्याच्याआधी किडनी सांभाळायला प्रोबेनेसिडच्या गोळ्या आणि बाटल्यावर बाटल्या सलाइन, तरी क्रिएटिनिन चढलंच. आणि गंमत बघा, औषधाने आकडा जागच्या जागी राहिला, खाली काही येईना. आमच्या मॅडम रोज सीबीसीमध्ये लिम्फोसाइटच (टी सेल ज्यात मोडतात त्या पांढऱ्या पेशी) बघायच्या. मी विचारलं, अडिनोचं सोडून हे काय बघताय, तर म्हणाल्या अडिनो तिथूनच जाणार आहे. आणि खरंच, लिम्फोसाइट जेव्हा वर सरकायला लागले तेव्हाच अडिनो उतरायला लागला, औषध तेच होतं, आधीपण तेच होतं. त्यामुळे तुमचे डॉक्टर काय म्हणतायत ते मला लगेच कळलं.

अँटीबॉडी टेस्टवर पैसे घालवू नका. मुलीला आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडीचं सलाइन) देत असतील ना? मग तिच्या रक्तात हजारो लोकांच्या अँटीबॉडी फिरतायत, सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्हच येणार, त्याचा अर्थ शून्य. आमच्या नणंदेने हौसेने असली एक टेस्ट करायला लावली होती, रिपोर्ट बघून घरात रडारड झाली आणि मॅडमनी एका मिनिटात बाजूला ठेवला.

निसर्गवेडा७१

एवढ्या केमिकल औषधांनीच प्रतिकारशक्ती मारली जाते. गुळवेलीचा काढा रोज सकाळी, सोबत पपईच्या पानांचा रस. महिन्याभरात सीडी४ दुप्पट होईल, आमच्या ओळखीत अनुभव आहे.

आर्याची_आई

काका हात जोडते, इथे नको. डोनरच्या पेशींना भडकवणं म्हणजे जीव्हीएचडीला बोलावणं, म्हणून तर टॅक्रो देऊन त्यांना दाबून ठेवलंय ना. आणि गुळवेलीचं म्हणाल तर २०२१ मध्ये मुंबईच्याच लिव्हरच्या डॉक्टरांनी ती घेणाऱ्या पेशंटमध्ये हिपॅटायटीस झाल्याचं छापून आणलं होतं. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं हेही खरं, पण त्या वादाचा निकाल माझ्या पोराच्या लिव्हरवर लावायचा नाहीये मला. सोलापूरच्या दादा, गणपतीत पपनस येतात बाजारात, ते पण देऊ नका बरं का, टॅक्रोची लेव्हल चढते त्याने.

पीसीआरवाला

मी मॉलिक्युलर लॅबमध्ये आहे, दिवसभर हेच व्हायरल लोड चालवतो, डॉक्टर नाही. त्यामुळे उपचाराचं सोडून फक्त आकड्यांचं सांगतो कारण पालक लोक आकड्यांनी उगाच अर्धमेले होतात.

१८० वरून ४१० झालं तेव्हा तुम्हाला वाटलं दुपटीपेक्षा जास्त वाढला. आम्ही तसं वाचत नाही. पीसीआर, म्हणजे व्हायरसचा डीएनए मोजायची टेस्ट, ही दर फेरीला दुप्पट होणारी भानगड आहे, म्हणून आकडे लॉगमध्ये वाचतात, एक लॉग म्हणजे दहा पट. एकच नमुना दोनदा चालवला तरी थोडा फरक येतोच, साधारण तीन पटीच्या आतला फरक, म्हणजे अर्धा लॉग, हा खरा बदल आहे असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि आकडा मशीनच्या तळाशी असेल, तुमच्यासारखा दोन-चारशे, तर तिथे हा हेलकावा अजून मोठा असतो. म्हणजे १८०, ४१०, २६० हे तिन्ही मिळून माझ्या दृष्टीने "थोडासा आहे आणि पळत सुटलेला नाही" एवढंच. खरी बातमी शेवटच्या रिपोर्टात आहे, कारण लगाम नसता तर सीएमव्ही एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकतो. दोन आठवडे मोकळा सोडून सुद्धा तो हजारांत गेला नाही, उलट मोजण्याच्या खाली गेला, म्हणजे कोणीतरी त्याला धरतंय. औषध तर नव्हतं. मग कोण धरतंय ते डॉक्टरांनी सांगितलंच आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, गावी गेल्यावर लॅब बदलणार असाल तर. एक लॅब होल ब्लडवर (अख्ख्या रक्तावर) करते, एक प्लाझ्मावर (पेशी काढून उरलेल्या पाण्यावर), होल ब्लडचा आकडा बहुतेक वेळा जास्त येतो कारण पेशींच्या आतला व्हायरस पण मोजला जातो. एक कॉपीज लिहिते, एक इंटरनॅशनल युनिट. सीएमव्हीसाठी डब्ल्यूएचओचं स्टँडर्ड २०१० पासून आहे पण तरीही दोन लॅबचे आकडे एका ग्राफवर टाकू नका, मुंबईत ३०० आणि गावाकडे ९०० म्हणजे वाढला असं अजिबात नाही. शक्यतो नमुना त्याच लॅबला पाठवा. आणि ईडीटीएची (रक्त गोठू न देणारी) बाटली गरम गाडीत दोन दिवस फिरली की पांढऱ्या पेशी फुटतात, आतला डीएनए प्लाझ्मात उतरतो आणि आकडा खोटा फुगतो.

जाता जाता एक नवल. एचएचव्ही-६ नावाचा व्हायरस शंभरात एखाद्या माणसाच्या क्रोमोसोममध्येच जन्मापासून शिवलेला असतो. अशा डोनरच्या पेशी रुजल्या की पेशंटच्या रक्तात एचएचव्ही-६ चा आकडा आभाळाला टेकतो, उतरतच नाही, आणि आजार काहीच नसतो. अशा रिपोर्टवरून लगेच औषध सुरू करायच्या आधी डोनरचं रक्त तपासतात.

बीएमटी_फेलो

मी मुलांच्या बीएमटी युनिटमध्ये काम करते. ही तुमच्या डॉक्टरांची जागा नाही, मी तिच्या फाइल्स पाहिलेल्या नाहीत, पण तुमचा प्रश्न इतका बरोबर आहे की राहवलं नाही.

आधी ११२ चं बघू. रिपोर्टवर छापलेली रेंज निरोगी माणसाची असते, ती तुमच्या मुलीला लावायचीच नाही. ट्रान्सप्लांटनंतर पेशी एका क्रमाने येतात. न्यूट्रोफिल दोन ते चार आठवड्यांत, पाठोपाठ एनके सेल, ते महिना-दोन महिन्यांत बऱ्यापैकी भरतात, बी सेलना (अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींना) काही महिने लागतात आणि सीडी४ सगळ्यात रेंगाळतात. त्यात तिला एटीजी (टी सेल मारणारं औषध) मिळालं असेल, थॅलेसेमियाच्या हाप्लोमध्ये बहुतेक देतातच, तर अजून उशीर, कारण एटीजी डोनरच्या टी सेलना पण मारतं. आत्ता दिसतायत त्यातल्या बऱ्याचशा तुमच्या रक्तातून आलेल्या जुन्या पेशी वाढून झालेल्या असणार. तिच्या स्वतःच्या थायमसमध्ये (छातीतली टी सेल घडवणारी ग्रंथी) तयार झालेल्या कोऱ्या टी सेल यायला सहा महिने ते वर्ष जातं, आणि इथे मुलांचं नशीब मोठ्यांपेक्षा चांगलं, थायमस अजून शाबूत असतो.

नेदरलँड्समधल्या युट्रेक्टच्या गटाने मुलांवर यावर बरंच काम केलंय. त्यांचा निकष साधा, पहिल्या शंभर दिवसांत सीडी४ लागोपाठ दोन तपासण्यांत ५० च्या वर गेला का. ज्यांचा गेला त्या मुलांचं पुढचं सगळं जास्त सुरळीत झालं, व्हायरस उठला तरी जिवावर बेतायचं प्रमाण कमी राहिलं. म्हणून ११२ बघून तुमचे डॉक्टर खूश आहेत. अर्थात ११२ म्हणजे सगळी कुंपणं काढा असं नाही, सेप्ट्रान वगैरे इन्फेक्शन टाळायची औषधं थांबवायचा विचार बहुतेक ठिकाणी २०० च्या वर गेल्यावरच करतात.

आता सीएमव्ही. त्याचा आकडा एकटा घेतला तर प्रतिकारशक्तीबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. गॅनसायक्लोव्हिर चालू असताना शून्य आला तर ते गॅनसायक्लोव्हिरचं कर्तृत्व. औषध बंद आहे, स्टेरॉइड नाही, टॅक्रो तेवढंच आहे, अशा वेळी व्हायरस डोकं वर काढतो आणि आपणच खाली जातो, ही गोष्ट मात्र सांगते की सीएमव्ही ओळखणाऱ्या टी सेल जाग्या आहेत. पेशी किती आहेत हे फ्लो सायटोमेट्री (सीडी४ ची तपासणी) मोजते, त्या काम करतात का ते नाही. ११२ पैकी सीएमव्ही ओळखणाऱ्या किती हे त्या रिपोर्टात कुठेच नसतं. एक प्रकारे तुमच्या मुलीने ती परीक्षा रक्तातच देऊन दाखवली. उलट बाजूने, औषध बंद केलं की दर वेळी सीएमव्ही हजारांत उसळतो अशा मुलाचा सीडी४ कितीही बरा दिसला तरी आम्ही सावध असतो.

अजून एक, एकूण लिम्फोसाइट वाढलेले बघून लोक खूश होतात ते नेहमी खरं नसतं. सीएमव्ही सीडी८ पेशींची (टी सेलचाच दुसरा प्रकार) भराभर पैदास करवतो, सगळ्या एकाच व्हायरसमागे लागलेल्या. एकूण आकडा छान दिसतो आणि अडिनोसमोर ते मूल तितकंच उघडं असू शकतं. रत्नागिरीच्या ताई म्हणाल्या ते अडिनोला लागू पडतं, तिथे लिम्फोसाइट आणि व्हायरस खरोखर उलट-सुलट चालतात, पण सीएमव्ही होऊन गेलेल्या मुलात तोच आकडा जरा जपून वाचावा लागतो.

तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट सांगते. आपल्याकडे मोठ्या माणसांत जवळजवळ सगळ्यांनाच सीएमव्ही कधीतरी होऊन गेलेला असतो, तुम्हालाही बहुतेक असेलच, डोनर वर्कअपच्या कागदात बघा. किडनी ट्रान्सप्लांटमध्ये पॉझिटिव्ह डोनर म्हणजे डोकेदुखी, पण बीएमटीत मूल पॉझिटिव्ह असेल तर डोनर पॉझिटिव्ह असलेलाच बरा, कारण सीएमव्हीशी आधी लढलेल्या पेशी पण बॅगेतून जातात. त्यातल्या काही एटीजी आणि सायक्लोफॉस्फमाइड या पेशी मारणाऱ्या औषधांमधून वाचल्या असतील तर परवाचा रिपोर्ट त्यांनीच आणलाय.

टीटीव्हीवर संध्याकाळी लिहिते, राउंडला बोलावतायत.

नागपूर_अमोल

मॅडम एक शंका. आमच्या मुलाला लेटरमोव्हिर (सीएमव्ही येऊच नये म्हणून देतात ते) चालू होतं, सीएमव्ही एकदाही आला नाही, आम्ही पेढे वाटले. आता तुमचं वाचून वाटतंय की मग त्याच्या टी सेल जाग्या झाल्या की नाही हे कळणार कसं? औषध बंद होऊन दोन आठवडे झालेत.

बीएमटी_फेलो

अमोल, पेढे वाटले ते बरोबरच केलंत. लेटरमोव्हिर चांगलं औषध आहे, गॅनसायक्लोव्हिरसारखं पेशी खाली आणत नाही. अमेरिकेत २०१७ मध्ये मोठ्यांसाठी आलं आणि २०२४ मध्ये सहा महिन्यांच्या वरच्या मुलांसाठी पण परवानगी मिळाली. पण तुम्ही धरलेला मुद्दा खरा आहे, व्हायरस समोर आलाच नाही तर टी सेल शिकायला उशीर करतात आणि काही जणांना औषध थांबल्यावर उशिराचा सीएमव्ही येतो. म्हणून बंद झाल्यानंतरचे पुढचे काही आठवडे पीसीआर चुकवू नका. आला तर घाबरू नका, किती आला आणि पुढच्या आठवड्यात कुठे गेला ते बघायचं. सीएमव्ही ओळखणाऱ्या टी सेल थेट मोजायची क्वांटिफेरॉन किंवा एलिस्पॉट अशी टेस्ट पण असते, पण लिम्फोसाइट फार कमी असले की "ठरवता येत नाही" असंच उत्तर येतं, आणि क्वांटिफेरॉन सगळ्या एचएलए (मॅच बघतात तो) प्रकारांना सारखी चालत नाही.

लेटरमोव्हिर फक्त सीएमव्हीवर चालतं त्यामुळे बाकीचे व्हायरस तुम्हाला मोकळे वाचता येतात. ईबीव्ही नावाचा व्हायरस बघा काय करतोय. पण त्यातही एक खोच आहे. ईबीव्ही राहतो बी सेलमध्ये. मुलाला रिटुक्सिमॅब (बी सेल मारणारं औषध) मिळालं असेल तर बी सेलच नाहीत, ईबीव्ही शून्य येणार, ते काही टी सेलचं श्रेय नाही. बी सेल परत येतात तेव्हा खरं कळतं.

बीएमटी_फेलो

आता टीटीव्ही. सोलापूरच्या बाबांच्या मेव्हण्याने पाठवलंय ते खोटं नाही, फक्त अर्धं आहे.

हा व्हायरस १९९७ मध्ये जपानमध्ये सापडला, रक्त दिल्यानंतर कावीळ झालेल्या एका पेशंटमध्ये. नवा हिपॅटायटीस व्हायरस मिळाला असं वाटलं, मग शोधायला लागले तर निघाला जवळजवळ सगळ्यांमध्येच, निरोगी माणसांतही. मुलांना पहिल्या काही वर्षांतच लागतो. तो काही आजार करतो असं सिद्ध झालेलं नाही, त्याच्यावर औषध नाही आणि गॅनसायक्लोव्हिरने त्याला फरक पडत नाही. म्हणूनच तो लोकांना आवडला. सीएमव्हीचा आकडा आपण औषधाने वाकवतो, टीटीव्हीला कोणी हात लावत नाही, त्याला आवर घालतात त्या टी सेलच.

ज्वारी हुरड्यात आली की शेतात पाखरं किती उतरलीत त्यावरून राखण्या माळ्यावर आहे की घरी जाऊन झोपलाय ते लांबूनच कळतं, टीटीव्हीचा हिशोब तसा आहे. किडनी ट्रान्सप्लांटमध्ये हा हिशोब बऱ्यापैकी जमतो, टीटीव्ही खूप जास्त तर औषधाने प्रतिकारशक्ती फार दाबली गेलीय, इन्फेक्शन येईल, फार कमी तर उलट शरीर किडनी नाकारेल. युरोपात यावरून औषधाचा डोस ठरवायची मोठी ट्रायल पण घेतलीय.

पण बीएमटीत काय होतं, आपण कंडिशनिंगमध्ये (ट्रान्सप्लांटआधीच्या केमोत) पीकच कापून टाकतो. टीटीव्ही वाढतो तो रक्ताच्याच पेशींमध्ये, लिम्फोसाइटमध्ये. त्यामुळे पहिल्या आठवड्यांत टीटीव्ही एकदम कमी दिसतो आणि तेव्हा राखण्या तर सोडाच, कोणीच नसतं. मग पेशी यायला लागतात तसा टीटीव्ही चढतो, साधारण तीन महिन्यांच्या आसपास शिखर गाठतो, आणि पुढे काही महिन्यांत टी सेल भरतील तसा उतरतो. म्हणजे आत्ता, तुमच्या मुलीच्या या टप्प्यावर, टेस्ट केली आणि आकडा प्रचंड आला तर त्याचा अर्थ राखण नाही असाही होतो आणि पीक उगवलंय असाही होतो. एका आकड्यावरून ते वेगळं करता येत नाही. बीएमटीत टीटीव्हीचा जीव्हीएचडीशी किंवा सीएमव्हीशी संबंध लावायला गेलेले अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत, आणि मुलांवरचे अभ्यास मुळात थोडे. थॅलेसेमियाच्या मुलाला तर वर्षानुवर्षं दर दोन-तीन आठवड्यांनी वेगवेगळ्या लोकांचं रक्त मिळालेलं असतं, सोबत किती प्रकारचे टीटीव्ही आले असतील विचार करा.

माझं मत विचाराल तर दर महिन्याला मोजत राहिलं आणि शिखरानंतर तो उतरतोय का हे बघितलं तर संशोधनासाठी फार छान माहिती आहे. पण त्या आकड्यावरून कोणी टॅक्रो कमी करणार नाही किंवा लस आधी देणार नाही, आणि ज्या रिपोर्टने उपचार बदलत नाही त्याच्यासाठी मुलीच्या हाताला सुई कशाला? तेच पैसे लिम्फोसाइट सबसेट (सीडी४ वगैरे मोजायची तपासणी) वेळेवर करायला ठेवा, सीबीसी त्याच दिवशीचं असू द्या.

सोलापूरचा_बाबा

मॅडम, काय बोलू. आमची पाच एकर ज्वारीच आहे बार्शी रोडला, वडील अजून माळ्यावर बसतात गोफण घेऊन. आजच त्यांना फोनवर वाचून दाखवलं, म्हणाले आता कुठं तुझं ट्रान्सप्लांट समजलं मला.

डोनर वर्कअपचा कागद काढला, माझा सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्ह आहे आणि तिचा पण. बायकोला दाखवलं तर ती म्हणाली चला एवढं तरी कामाचं दिलंत पोरीला.

पीसीआरवाले भाऊ, तुमचा तीन पटीचा हिशोब मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. टीटीव्ही आणि अँटीबॉडी दोन्ही कॅन्सल. आता फक्त गणपतीचं सांगा, दीड दिवसाचा असतो आमचा, घरात चुलते वगैरे धरून पंचवीस-तीस माणसं. सीएमव्ही गेलाय तर नेऊ का?

बीएमटी_फेलो

सीएमव्ही खाली गेला म्हणजे सीएमव्हीविरुद्धच्या टी सेल आल्या. पंचवीस माणसांतल्या एखाद्या पोराच्या नाकातून येणारा आरएसव्ही किंवा इन्फ्लुएन्झा किंवा कांजिण्या, त्यांना त्या सीएमव्हीवाल्या पेशी ओळखत नाहीत. टॅक्रो चालू आहे, सीडी४ ११२ आहे, लसी अजून सुरू व्हायच्यात, न्यूमोकोकलसारख्या मृत लसी तीन ते सहा महिन्यांपासून सुरू होतील आणि गोवर-कांजिण्यांच्या जिवंत लसी तर दोन वर्षांनंतर, तेही जीव्हीएचडी नसेल आणि टॅक्रो वगैरे बंद असेल तर. त्यामुळे मी तुमच्या जागी असते तर या वर्षी व्हिडिओ कॉलवर आरती केली असती. तुमच्या डॉक्टरांना विचारा पण बहुधा हेच म्हणतील. आणि ॲसायक्लोव्हिर चालू असेल ते सीएमव्ही गेला म्हणून बंद करू नका, ते नागीण आणि कांजिण्यांसाठी आहे, सीएमव्हीसाठी नव्हतंच.

आर्याची_आई

आमच्याकडे पहिल्या वर्षी दिरांनी गणपती बसवला आणि आम्ही तिघं इथे खोलीवर. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. पण कांजिण्यांचा धाक मला पण अजून आहे, आमच्या वॉर्डातल्या एका मुलीला पाहुण्यांकडून लागल्या होत्या आणि महिनाभर परत आत जाऊन बसली ती. घरातल्या बाकीच्यांना फ्लूची लस देऊन ठेवा, तुमच्या धाकट्याला आधी.

नागपूर_अमोल

आमचा कालचा सीएमव्ही १५० आला. कालच मॅडमचं वाचलं नसतं तर रात्री हॉस्पिटलला फोन लावला असता. ईबीव्ही निगेटिव्ह, रिटुक्सिमॅब दिलं होतं का ते फाइलमध्ये शोधतोय.

पीसीआरवाला

अमोलभाऊ १५० वर बहुतेक सेंटर नुसतं बघतात, औषध कधी सुरू करायचं त्याचा आकडा प्रत्येक सेंटरचा वेगळा असतो तो तुमच्याकडचा विचारून घ्या, आणि पुढची टेस्ट आठवड्याने कराच, पंधरा दिवसांवर ढकलू नका. सोलापूरच्या बाबांना, गावी गेल्यावर नमुना मुंबईला पाठवायचा असेल तर सोमवार ते बुधवार काढा. शुक्रवारी संध्याकाळी काढलेली बाटली कुरिअरवाल्याकडे रविवारभर पडून राहते. तालुक्याच्या लॅबला आधीच सांगा की प्लाझ्मा वेगळा करून, थंड ठेवून पाठवा, आणि फॉर्मवर प्लाझ्मा असं स्पष्ट लिहून घ्या. सबसेटचा नमुना मात्र वेगळ्या बाटलीत, त्याला जिवंत पेशी लागतात, तो बर्फात घालू देऊ नका.